पाईपात हायड्रोजन मिसळणं वेगळं, अख्खी पाईपलाईन हायड्रोजनला देणं वेगळं

गुहागर-चिपळूणकडे हायड्रोजनचा विषय निघाला की कुणीतरी बोलतोच, अरे आपल्याकडे नैसर्गिक गॅसची पाईपलाईन आहेच की, दाभोळवरनं बंगळुरूला जाते ती, सोडा त्यात हायड्रोजन आणि झालं काम. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

पहिली म्हणजे ब्लेंडिंग. नैसर्गिक गॅस वाहतोय त्यातच थोडा हायड्रोजन सोडायचा. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने २०२३ मध्ये सुरतजवळ कवासला आपल्या टाउनशिपच्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हेच सुरू केलं, आधी ५% आणि मग ८% पर्यंत. शेगडी तीच, पाईप तेच, बाईमाणसाला फरकही कळत नाही. पण फायदाही तसाच बेताचा! हायड्रोजनमध्ये घनमीटरमागे उष्णता मिथेनच्या, म्हणजे नैसर्गिक गॅसमधल्या मुख्य वायूच्या, साधारण एक तृतीयांश, त्यामुळे २०% मिसळलात तरी कार्बन जेमतेम ७% कमी होतो, आणि "२०% ग्रीन" असं ऐकून आपण उगाच खूश होतो. शिवाय त्याच लाईनवर सीएनजी पंप असेल तर अजून पंचाईत, गाडीच्या स्टीलच्या सिलेंडरसाठी साधारण २% च्या वर हायड्रोजन चालवत नाहीत.

दुसरी म्हणजे कन्व्हर्जन, गॅस पूर्ण काढून १००% हायड्रोजन. इथे खरं डोकं लागतं. हायड्रोजनचे अणू एवढे बारीक की स्टीलच्या आत शिरतात, स्टील ठिसूळ होतं, आणि वेल्डिंगजवळ जुनी बारीक चीर असेल तर प्रेशर सारखं वरखाली झालं की ती भराभर वाढते. गंमत म्हणजे जास्त मजबूत ग्रेडचं स्टील इथे जास्त नाजूक ठरतं. म्हणून कुठल्या ग्रेडचा पाईप, वेल्ड कसे, आतून चीर किती, हे सगळं तपासल्याशिवाय काही करता येत नाही, व्हॉल्व्ह, सील, मीटर बघावे लागतात ते वेगळंच. वाहून नेण्याचं म्हणाल तर हायड्रोजन हलका, जोरात पळतो, म्हणून त्याच पाईपातून गॅसच्या ८०% च्या आसपास ऊर्जा नेता येते असं गणित आहे, पण त्यासाठी कॉम्प्रेसरला साधारण तिप्पट ताकद लागते. आणि घरची शेगडी? बर्नर बदलायलाच हवा, हायड्रोजनची ज्योत इतकी वेगाने पळते की साध्या बर्नरमध्ये उलटी आत शिरेल.

जर्मनीने २०२४ मध्ये ९,०४० किमीचं हायड्रोजन नेटवर्क मंजूर केलं, त्यातले साधारण ६०% जुनेच गॅस पाईप. पण तिथे बऱ्याच ठिकाणी शेजारी शेजारी दोन-तीन लाईनी आहेत, एक हायड्रोजनला दिली तरी गॅस दुसरीतून चालू राहतो. आपल्याकडे एकुलती एक लाईन दिलीत तर तिच्यावरच्या गिऱ्हाईकांनी गॅस कुठनं आणायचा?

माझं मत विचाराल तर शेगडीत हायड्रोजन जाळणं म्हणजे वाया घालवणंच. अलिबागजवळ थळचा खत कारखाना अमोनियासाठी नैसर्गिक गॅसपासूनच हायड्रोजन बनवतो, म्हणजे खरी गरज तिथे आहे आणि तीही शुद्ध हायड्रोजनची, मिसळलेला परत वेगळा काढायचा तर पुन्हा खर्च. सौर-पवनची वीज तारेने तिथवर नेऊन कंपाउंडमध्येच इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, बसवला तर पाईपची भानगडच उरत नाही.