सेन्सर बार काहीही 'सेन्स' करत नाही

निन्टेंडो वी (Wii) या गेम कन्सोलच्या पडद्यावरचा हात, म्हणजे रिमोटने फिरणारा पॉइंटर, थरथरला किंवा गायब झाला, की 'टीव्हीजवळच्या सेन्सर बारला (वायरने कन्सोलला जोडलेल्या पट्टीला) सिग्नल मिळत नाही' असं ठरवून लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवा बार शोधायला निघतात. समजूत उलटी आहे. बार काहीच टिपत नाही. त्याच्या दोन टोकांना इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) एलईडी असतात, पाच-पाच, आणि वायरमधून त्यांना फक्त वीज मिळते. कॅमेरा असतो रिमोटच्या नाकाशी, काळ्या काचेमागे. बटणं ब्लूटूथवर चालतात; म्हणून बटणं चालू पण पॉइंटर बंद असेल, तर बिघाड प्रकाशाच्या बाजूचा आहे.

वी चालू ठेवून मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बार पाहा (मागचा कॅमेरा बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवतो). दोन्ही टोकं जांभळट चमकली तर बार ठीक आहे. एकच चमकलं तर एलईडी गेले. काहीच दिसलं नाही तर आधी कन्सोलमागचा प्लग आणि दाराखाली चेपलेली वायर तपासा.

बार ठीक असेल तर सेटिंग्जमध्ये सेन्सर बारची सेन्सिटिव्हिटी उघडा. रिमोटला जे दिसतं ते तिथे दिसतं: ठिपके दोनच हवेत. तिसरा ठिपका म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन, देव्हाऱ्यातली समई किंवा शोकेसच्या काचेतलं प्रतिबिंब. पडदा ओढा, काच झाका, मग सेन्सिटिव्हिटी कमी करा. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्हीपासून मीटरभर तरी मागे सरका. फार जवळून दोन्ही टोकं एकदम कॅमेऱ्यात मावत नाहीत.