चर्चचा शरद मेळा: किती खेळ मागवावेत आणि बक्षिसांचा ट्रे कुठे ठेवावा

मेळ्याची तारीख ठरली की समितीकडून आम्हाला, म्हणजे खेळ भाड्याने देणाऱ्यांना, पहिला फोन येतो तो याच प्रश्नाचा: "शंभर मुले येतील, खेळ किती लागतील?" नुसत्या मुलांच्या आकड्यावरून याचे उत्तर देता येत नाही. एका डावाला किती सेकंद जातात ते धरले, तरच रांगा आटोक्यात राहतात. खेळ कसे खेळायचे ते आपल्याला माहीत आहेच, म्हणून या पत्रकात हिशोबावर भर दिला आहे.

डावांचा हिशोब

चालणे, बघत उभे राहणे, मध्येच खाऊ खाणे हे सगळे धरून एक मूल तासाला साधारण ८ डाव खेळते. शंभर मुलांना तासाला ८०० डाव हवेत. रिंगफेकीच्या एका डावात मुलाचे खुणेचे कार्ड (त्यात दर डावाला भोक पाडतात) बघायला ५ सेकंद, तीन रिंगा फेकायला २० आणि पडलेल्या रिंगा गोळा करून पुढच्याच्या हातात द्यायला १५ सेकंद जातात. म्हणजे डाव ४० सेकंदांचा, तासाला ९० डाव. ८०० ला ९० ने भागले की साधारण ९ खेळ येतात.

आता त्याच टेबलावर बक्षिसांचा ट्रे ठेवून पाहा. जिंकलेले मूल ट्रेपुढे येते, शिट्टी उचलते, ठेवते, स्टिकर उलटून बघते, मागे वळून आईला विचारते आणि पुन्हा शिट्टीकडे येते. यात पाऊण मिनिट सहज जाते. तोवर स्वयंसेवकाचे लक्ष ट्रेवर, रिंगा जमिनीवर आणि रांग उभी. ४० सेकंदांचा डाव ८५ सेकंदांवर जातो आणि तासाला जेमतेम ४२ डाव होतात. तेवढ्याच मुलांना मग ९ ऐवजी १९ खेळ लागतील. "खेळ कमी पडले" अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो, ट्रे कुठे होता? बहुतेक वेळा तो खेळाच्या टेबलावरच असतो.

म्हणून आमच्या कोणत्याही खेळासोबत बक्षिसांचा ट्रे येत नाही, खुणेची कार्डे आणि त्यांना भोक पाडायचे पंच येतात. काहींना हे खटकते. लगेच हातात काही पडले नाही तर मुले हिरमुसतील, असे त्यांना वाटते. पण लहान मुलांना पंचची टकटकसुद्धा आवडते. खेळल्याबद्दल एक भोक, जिंकल्याबद्दल दोन, म्हणजे कोणीही रिकाम्या कार्डाने परत जात नाही.

बक्षिसांचे टेबल एकच, मैदानाच्या टोकाला, फाटकाजवळ नको. त्यावर तीन टोपल्या: ५, १० आणि १५ भोकांच्या. "निवडायचा वेळ फक्त इकडून तिकडे गेला" असे कोणी म्हणेल. तसे होत नाही, कारण तासाला शेकडो वेळा निवडण्याऐवजी एक मूल एकदाच किंवा फार तर दोनदा निवडते. बक्षिसेही त्याच प्रमाणात कमी लागतात. मात्र हे टेबल मेळा अर्धा झाल्यावर लगेच उघडा. शंभर मुलांना प्रत्येकी ४० सेकंद धरले तर एका माणसाला तासाहून अधिक वेळ लागतो. शेवटच्या वीस मिनिटांसाठी ठेवले तर तिथे तीन माणसे बसवूनही पुरत नाहीत.

गर्दी शोषून घेणारे खेळ

सगळे खेळ फेकायचे घेऊ नका. आकड्यांचा फेरा, म्हणजे जमिनीवर २४ आकडे, संगीत थांबले की ज्या आकड्यावर पाय तो आपला, मग चिठ्ठी काढायची. एक फेरा तीन मिनिटांत होतो. तो भरलेला असला तर तासाला ४८० डाव. दर वेळी भरणार नाही, म्हणून आम्ही निम्मे, २४० धरतो. तरीही शंभर मुलांसाठी फेकायचे खेळ ९ वरून ६ किंवा ७ वर येतात. भाड्याने मिळणाऱ्या सगळ्या खेळांत हा सर्वांत साधा, आणि आम्ही तो सर्वांत आधी सुचवतो.

हवा भरलेल्या जंपिंगकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. एका वेळी ८ मुले, ४ मिनिटे उड्या आणि २ मिनिटे बूट काढण्या-घालण्यात. तासाला ८० डाव झाले, एका रिंगफेकीपेक्षाही कमी, आणि पूर्ण वेळ एक मोठा माणूस अडकतो. मुलांना ते हवेच असते, म्हणून जरूर घ्या, पण हिशोबात एकच खेळ धरा. वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की आम्ही ते रिकामे करून हवा काढतो. हा युरोपीय मानकातला आकडा आहे. त्या क्षणी कितीही आग्रह झाला तरी आम्ही थांबत नाही.

माणसे आणि रेषा

फेकायच्या प्रत्येक खेळाला दोन माणसे लागतात, एक रेषेवर आणि एक निशाणापाशी. एकच असेल तर तो धावत राहतो आणि अर्ध्या तासात थकतो. ७ खेळ, प्रत्येकी दोघे, तासाभराच्या दोन पाळ्या: २८ नावे. त्यांत जंपिंगचा, फेऱ्याचा आणि बक्षिसांच्या टेबलाचा माणूस धरलेला नाही. रविवारच्या शाळेचे शिक्षक त्या दिवशी आपल्या वर्गामागेच धावत असतात. त्यांची नावे दोनदा लिहिली जातात आणि तिथेच यादी कोसळते.

उभे राहायच्या रेषा तीन आखा: पाच वर्षांपर्यंत ३ फूट, सहा ते नऊ ५ फूट, त्यापुढे ८ फूट. तीन फेकींत एकदा तरी लागले पाहिजे. आदल्या दिवशी वेगवेगळ्या वयांची पाच मुले बोलावून खेळून घ्या. सगळी हरली तर रेषा एक पाऊल पुढे सरकवा.

खेळांविषयी थोडे

डब्यांच्या मनोऱ्यात वेळ जातो तो डबे पुन्हा रचण्यात. म्हणून आम्ही डब्यांचे दोन संच पाठवतो: एकावर फेक चालू, दुसरा रचला जातोय. दुसऱ्या संचाचे भाडे उगाच लावतो असे कोणी म्हणते, पण एकाच संचावर मूल निशाणापुढे ताटकळत राहते. लहानांसाठी तीन-दोन-एक असे सहा डबे पुरतात.

बीनबॅगसाठी, म्हणजे भोक असलेल्या फळीवर पिशवी फेकायच्या खेळासाठी, प्लॅस्टिकचे दाणे भरलेल्या पिशव्याच देतो. मक्याच्या दाण्यांची पिशवी हातात छान बसते, पण शरदातल्या संध्याकाळी दव पडले की फुगते, तशीच गोणीत राहिली तर बुरशी धरते आणि उंदरांना बोलावते. मोठ्यांसाठी दोन फळ्यांतले अंतर २७ फूट असते. मुलांसाठी ८ ते १० फूट पुरे.

भोपळ्याच्या देठावर रिंग टाकायची असेल तर भोपळे सपाट बुडाचे निवडा आणि भोवती दोरीचे वेटोळे घाला, नाहीतर पहिल्या धक्क्याला ते घरंगळतात. फुगे फोडायचे असतील तर सावलीत लावा. उन्हात हवा फुगते आणि ते आपोआप फुटतात. फुटलेले तुकडे लगेच उचला, लहान मुले ते तोंडात घालतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ मिलिमीटरपेक्षा लहान चेंडू बक्षिसात ठेवू नका.

रस्सीखेचीला जाड दोर लागतो, घेर १० ते १२.५ सेंटीमीटर, म्हणजे मुठीत नीट धरता येतो. मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू देऊ नका. बारीक नायलॉनची दोरी तर आणूच नका. ती ताणली जाते आणि तुटली की चाबकासारखी परत येते.

पाण्यात तरंगणारी खेळण्यातली बदके उचलायच्या टाकीत चार-पाच इंच पाणी पुरते. शेजारी मोठा माणूस सतत हवा आणि खेळ संपताच टाकी ओतून रिकामी करायची.

चर्चच्या बऱ्याच मंडळ्यांना हॅलोविनची भुते आणि हाडांचे सापळे नको असतात. आमच्याकडे त्यांच्याऐवजी बायबलमधल्या योनाला गिळणाऱ्या माशाचे तोंड आहे, पिशवी तोंडात टाकायची. बदकांच्या जागी नोहाच्या तारवातले प्राणी आहेत आणि चेंडूने पाडायचा गल्याथ, म्हणजे दावीदाने गोफणीने पाडलेला धिप्पाड योद्धा, आहे. चेंडू मऊच असतो, गोफण दिली जात नाही. चिठ्ठ्या विकून बक्षीस काढायचे असेल तर आधी पाळकांना विचारा. काही मंडळ्या त्याला जुगार मानतात आणि ऐन वेळी तो खेळ बंद करावा लागतो.

मागवताना

मुलांची संख्या वयोगटांप्रमाणे, मेळ्याचे तास आणि मैदानाचा हाताने काढलेला नकाशा एवढे दोन आठवडे आधी द्या, डावांचा हिशोब आम्ही विनामूल्य करून देतो. नकाशावर विजेचा बोर्ड आणि गाडी आत येण्याचे फाटक दाखवा. या दिवसांत उजेड लवकर जातो. मेळा सूर्यास्तानंतर चालणार असेल तर तसे लिहा, दिवे सोबत पाठवतो.

परत देताना रिंगा मोजून पिशवीत भरा. डब्यांवर आणि फळ्यांवर चिकटवलेली टेप त्याच संध्याकाळी सोला. रात्रभर राहिली की गोंद सुटत नाही. ओल्या पिशव्या मात्र बंद करू नका, उघड्याच द्या. वाळवायचे काम आमचे.