आडत गेली, उचल राहिली

नाशिकला पंचवटीत, दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात संध्याकाळी पालेभाज्यांचा लिलाव होतो. कोथिंबिरीचा भाव शेकडा जुड्यांवर पुकारतात. लिलाव आटोपला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते: जुड्या इतक्या, दर इतका, हमाली वजा. कधी खाली पेनाने आणखी एक ओळ, ‘उचल वजा’, म्हणजे गाळ्यावरच्या आडत्याने (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाने) आधी दिलेले पैसे कापून घेतले. ज्याच्या पट्टीवर ती ओळ असते तो शेजारच्या गाळ्यावर भाव बरा निघाला तरी गाळा बदलत नाही. बियाण्याला पैसे यांनीच दिले, आता दुसरीकडं कोणत्या तोंडानं जायचं? याला मिंधं असणं म्हणतात. (२०२२ पासून हा शब्द राजकारणात यमकासाठी इतका झिजवला, की यार्डातला त्याचा अर्थ मुद्दाम सांगावा लागतो.)

या मिंधेपणाला दीडशे वर्षं कायदे आडवे येत आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः कर्जखतांसाठी. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता आणि कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे निघत होते. १८७९ च्या कायद्याने कोर्टाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायची मुभा दिली; पण सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्यापुरतीच. नाशिक त्यात नव्हतं.

मग १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा. सावकाराच्या ओसरीऐवजी गावची सोसायटी. व्याज उतरलं हे खरं, पण ३१ मार्च आला की काय होतं ते गावात बसून बघावं. जुनं पीककर्ज भरल्याशिवाय नवं मिळत नाही आणि हातात तर पैसा नाही. मग आडत्याकडून आठ-दहा दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज निघालं की त्यातून ते परत करायचे. याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. वहीत कर्ज नियमित दिसतं. आडत्याने कागद केलेला नसतो, अनेकदा व्याजही घेतलेलं नसतं. तिथेच तर मेख आहे. व्याज घेतलं असतं तर फिटंफाट झाली असती.

बाजाराचंही तेच. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत, शेतकरी समोर उभा असून त्याला आपल्या मालाचा भाव कळत नसे. उघडा लिलाव आणि बाजार समित्या यांनी ते मोडलं. लासलगावची समिती १९४७ ची, राज्याचा बाजार समिती कायदा १९६३ चा. समितीच्या संचालक मंडळात साधारण अठरा जागा: सोसायट्यांच्या अकरा, ग्रामपंचायतींच्या चार, व्यापारी-आडत्यांच्या दोन, हमाल-मापाऱ्यांची एक. म्हणजे अकरा जागांचं मत सोसायटीच्या संचालकाच्या हाती, आणि मार्चमध्ये ज्याचं नवं-जुनं अडलं होतं तो याच संचालकाच्या दारात उभा होता. सोसायटीच्या निवडणुकीत त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले; लासलगावसह जिल्ह्यात कांद्याचे लिलाव कितीतरी दिवस ठप्प होते. अखेर बदल टिकला आणि पट्टीवरची आडतीची ओळ गेली. माझ्या मते आजवरच्या सुधारणांत शेतकऱ्याच्या खिशाला लगेच जाणवलेली हीच. उचलीच्या ओळीला मात्र कोणी हात लावला नाही, आणि लावणार तरी कसा? पेरणीच्या आठवड्यात सकाळी फोन केला की संध्याकाळी पैसे देणारा दुसरा कोण आहे?

आडत्याला खलनायक करणं सोपं आहे. त्याचेही पैसे गावोगाव अडकलेले असतात आणि पाऊस गेला की तोही बुडतो. दिंडोरी-निफाडकडच्या लग्नात माईकवरून टॉवेल-टोपीच्या सत्कारासाठी नावं पुकारतात. मामा, व्याही झाले की पुढचं नाव बहुधा सोसायटीच्या चेअरमनचं असतं, आणि त्याच्या पाठोपाठ आडत्याचं.