अमेरिकेतल्या पदवी प्रवेशात बारावीचे गुण किती धरतात?
आमच्याकडे येणाऱ्या पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

अमेरिकेतल्या प्रवेशांचं मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या कोथरूडच्या कार्यालयात गणपती झाले की रोज कुणीतरी हेच विचारतं : अर्ज जाणार नोव्हेंबरात नाहीतर जानेवारीत, बोर्डाचा निकाल लागणार मे महिन्यात, मग बारावीचे गुण कुणी बघतं तरी का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर "नाही" असं गृहीत धरून घरात जे निर्णय होतात, ते पुढे फार जड जातात. म्हणून हे पत्रक. ते मुलांनाही वाचायला द्या.

थोडक्यात सांगायचं तर बारावीचे गुण बघतात, आणि दोनदा बघतात.

दोनदा म्हणजे कसं?

अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं. त्यामुळे तिथली विद्यापीठं आपल्या मुलांकडूनही नववीपासूनच्या गुणपत्रिका मागतात. लवकरच्या फेरीचे अर्ज बहुतेक ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत जातात आणि त्यांचा निर्णय डिसेंबरच्या मध्याला येतो. नियमित फेरीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातात, निर्णय मार्चअखेर येतो. आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि निकाल मेमध्ये. म्हणजे प्रवेश समिती फाईल उघडते तेव्हा बोर्डाचा निकाल जन्मालाच आलेला नसतो. समितीसमोर असतात ते ज्युनिअर कॉलेजच्या प्रथम सत्राचे गुण, नियमित फेरीत बहुधा प्रिलिमचेही, आणि कॉलेजने बोर्डासाठी वर्तवलेला अंदाज, म्हणजे प्रेडिक्टेड मार्क्स. ही झाली पहिली वेळ. बोर्डाची गुणपत्रिका बघतात ती दुसऱ्या वेळी, प्रवेश देऊन झाल्यावर, दिलेला प्रवेश पक्का करताना.

"बोर्डाला दाखवतो"

आमचा आणि तुमचा सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. विज्ञान शाखेच्या मुलाचा दिवस जेईई-सीईटीच्या क्लासमध्ये जातो, कॉलेज नावापुरतं. प्रथम सत्राची परीक्षा "कॉलेजचीच तर आहे" म्हणून तयारीशिवाय दिली जाते, नाहीतर क्लासची टेस्ट आहे म्हणून बुडवली जाते. मग ऑक्टोबरमध्ये आमच्या टेबलावर जी गुणपत्रिका येते, तिच्यावर भौतिकशास्त्रात 50 पैकी 19, गणितात 50 पैकी 22 आणि इंग्रजीसमोर "गैरहजर" असं लिहिलेलं असतं. मुलगा हुशार असतो, दहावीला 96 टक्के मिळवलेले असतात. घरच्यांचं म्हणणं एकच, हा कागद पाठवू नका, बोर्डाला बघा कसे मार्क पाडतो.

तो कागद पाठवायचा की नाही, हे आमच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या पोर्टलवर, गुणपत्रिका विद्यार्थी पाठवत नाही, कॉलेज पाठवतं. अर्जासोबत स्कूल रिपोर्ट, जानेवारी-फेब्रुवारीत मिड-इयर रिपोर्ट आणि निकालानंतर फायनल रिपोर्ट, हे तिन्ही कॉलेजच्या काउन्सेलरने भरायचे असतात. आपल्याकडे बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर नसतो, ते काम उपप्राचार्य किंवा एखादे ज्येष्ठ शिक्षक करतात. प्रेडिक्टेड मार्क्सही तेच देतात आणि ते सत्र परीक्षा समोर ठेवूनच देतात. शंभरापैकी चाळीसच्या आसपास मिळवणाऱ्या मुलाला बोर्डात 92 मिळतील असं कोणते जबाबदार शिक्षक लिहून देतील? त्यांनी ते लिहू नये असंच आम्हालाही वाटतं.

यातून निस्तरायचं तर अर्ज-विनंत्या, फेरपरीक्षा, आजारपण खरंच असेल तर त्याचं प्रमाणपत्र, कॉलेजचं पत्र असं सगळं करावं लागतं. ऑक्टोबर त्यातच जातो. खरं तर तो महिना निबंध घासूनपुसून नीट करण्याचा असतो. म्हणून आमच्याकडे नाव नोंदवलं की जूनमध्येच कॉलेजचं परीक्षांचं वेळापत्रक आम्ही मागून घेतो, आणि प्रथम सत्राच्या आधीचे पंधरा दिवस निबंध-मुलाखतीचं कोणतंही काम मुलाला देत नाही. काही पालकांना तेव्हा वाटतं की पैसे भरलेत आणि काम थांबलंय. ते पंधरा दिवस आम्ही मुद्दाम मोकळे ठेवतो.

अकरावी कशी गेली, त्यावर बरंच ठरतं

महाराष्ट्रात अकरावीकडे दहावीनंतरचं विश्रांतीचं वर्ष म्हणून बघायची सवय आहे. प्रवेश फेऱ्या लांबतात, कॉलेज उशिरा सुरू होतं, आणि वार्षिक परीक्षेत 96 वरून 68 वर आलेली मुलं दरवर्षी आमच्याकडे येतात. अमेरिकेत मात्र अकरावीला फार वजन आहे, कारण अर्ज करताना हातात असलेलं ते शेवटचं पूर्ण वर्ष असतं.

अकरावी चांगली गेली असेल तर बारावीत ती पातळी टिकवली तरी पुरे, त्याहून वर जायलाच हवं असं नाही. अकरावी घसरली असेल तर मात्र प्रथम सत्र आणि प्रिलिम यांच्यावरच सगळी मदार राहते. नुसत्या सरासरीपेक्षा गुणांचा कल समितीला जास्त सांगतो. 68 नंतर 82 दिसले तर वाचणाऱ्याला समजतं की मूल सावरलं. 68 नंतर 61 दिसले तर दहावीचे 96 जुने होतात. लवकरच्या फेरीत निर्णय पुढे ढकलला गेला, तर नियमित फेरीत फाईलमध्ये येणारा नवा कागद मुख्यतः प्रिलिमचाच असतो. अशा मुलांना आम्ही डिसेंबरात बाकी सगळं बाजूला ठेवून अभ्यासाला बसवतो.

सगळी विद्यापीठं सारखं वजन देत नाहीत

कॅलिफोर्नियातल्या बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, कॅम्पसची पद्धत निराळी. तिथला जीपीए, म्हणजे गुणांची अमेरिकी पद्धतीची सरासरी, दहावी-अकरावीच्या गुणांवर काढतात. बारावीचे विषय अर्जात लिहावे लागतात, पण गुण त्या हिशोबात नसतात. सॅट ही प्रवेश चाचणी तर ते बघतच नाहीत. म्हणून यूसी डोळ्यांसमोर असेल तर आमच्याकडे दहावीनंतर लगेच या, बारावीत येऊन आम्हाला फारसं काही बदलता येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचं उलटं आहे. त्यांचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नसतो, स्वतःच्या पोर्टलवर असतो, आणि फेब्रुवारीत ते वेगळा फॉर्म भरून घेऊन वर्षाच्या मध्यापर्यंतचे गुण मागतात. कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांत, बारावी उत्तीर्ण असणं बहुधा पुरतं. जेईईसाठी एक वर्ष थांबून नंतर अमेरिकेचा अर्ज करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्यांचा बोर्डाचा निकाल लागलेला असतो, तेव्हा समिती अंदाजावर नव्हे तर त्यावरच जाते.

एखादं विद्यापीठ गुणांना किती महत्त्व देतं ते स्वतः तपासायचं असेल तर त्याचा कॉमन डेटा सेट, म्हणजे विद्यापीठाने स्वतः जाहीर केलेली माहिती, इंटरनेटवर शोधा. त्यातल्या सी-7 या तक्त्यात विषयांची काठिण्यपातळी, गुण, निबंध, शिफारसपत्रं या प्रत्येकासमोर "अतिमहत्त्वाचं" ते "विचारात घेत नाही" अशी खूण असते. आमचा शब्द प्रमाण मानण्यापेक्षा तो तक्ता बघून या, म्हणजे पहिल्याच भेटीत मुद्द्याचं बोलता येतं.

विषयांचं निघालंच आहे म्हणून : बारावीला जीवशास्त्र सोडून दुसरा विषय घेतला असेल किंवा गणित सोडायचा विचार असेल, तर आधी आम्हाला सांगा. इंजिनिअरिंगचा अर्ज आणि बारावीत गणित नाही, हे कोणत्याही निबंधाने झाकता येत नाही.

आम्ही जीपीए का काढून देत नाही?

यावरून आमच्याशी वाद होतात. टक्क्यांना 25 ने भागा, 9.5 ने भागा, अशी सूत्रं सोसायटीच्या ग्रुपवर फिरत असतात. आम्ही मूळ गुण जसे आहेत तसेच लिहितो, विषयवार आणि "पैकी" सकट. आपल्याकडे 35 ला उत्तीर्ण आणि 60 ला प्रथम श्रेणी असते, हे भारतातले अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना माहीत असतं. 78 टक्क्यांचा घरी केलेला 3.1 जीपीए त्यांच्यासमोर ठेवण्यात मुलाचंच नुकसान आहे. कॉलेजकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, घेताना मात्र लेटरहेड, प्रत्येक विषयाचे कमाल गुण, सही आणि गोल शिक्का बघून घ्या. नुसते "72" लिहून दिलेला कागद आम्ही परत पाठवतो, कारण ते 80 पैकी आहेत की 100 पैकी, हे तिकडच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. नववी-दहावी वेगळ्या शाळेत झाली असेल तर तिथलाही कागद लागतो.

प्रेडिक्टेड मार्क्स वाढवून घेण्यासाठी कॉलेजला फोन करा, अशी विनंती आम्हाला होते. ते काम आम्ही करत नाही. त्याच कॉलेजातून पुढच्या वर्षीही मुलं अर्ज करणार असतात, आणि वर्तवलेले 95 व मिळालेले 74 असं एकदा दिसलं की त्या कॉलेजच्या पुढच्या अंदाजांवर भरवसा राहत नाही.

प्रवेश मिळाला, आता बोर्ड कशाला?

कॉमन अ‍ॅपवर सही करतानाच विद्यार्थी मान्य करतो की प्रवेश सशर्त आहे आणि शेवटची गुणपत्रिका आधीच्या कामगिरीच्या तोडीची हवी. 85 चे 79 झाले म्हणून प्रवेश गेलेला आम्ही पाहिलेला नाही. एखाद्या विषयात नापास होणं किंवा 88 वरून 55 वर येणं ही मात्र खरी धोक्याची जागा आहे. असं झालं तर विद्यापीठाने विचारायची वाट न बघता आपणहून कारणासकट कळवावं. ते पत्र लिहायला आम्ही मदत करतो, त्याचं वेगळं शुल्क घेत नाही.

गुण चांगले असूनही कागदामुळे अडचण येते. 2017 च्या उन्हाळ्यात यूसी अर्व्हाइनने सुमारे 500 मुलांचे प्रवेश मागे घेतले होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ट्रान्स्क्रिप्ट वेळेत किंवा नीट न पोचल्याच्या कारणावरून होते. टीका झाल्यावर त्यातल्या अनेकांना प्रवेश परत मिळाले, पण त्या घरांतला तो जुलै कसा गेला असेल ते समजू शकतं. यूसीची मुदत 1 जुलै असते. आपल्याकडे निकाल ऑनलाइन मेमध्ये लागतो, छापील गुणपत्रिका नंतर हातात येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजचं ऑफिस उन्हाळ्याच्या रजा आणि प्रवेशांची गर्दी यांत अडकलेलं असतं. तेव्हा फायनल ट्रान्स्क्रिप्टचा विनंती अर्ज एप्रिलमध्येच देऊन पोच घ्या. अर्जाचा नमुना आमच्याकडे तयार आहे, बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही तो मोफत देतो.

पहिल्या भेटीला येताना नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, अकरावीच्या घटक चाचण्यांसकट, आणि कॉलेजचं यंदाचं परीक्षांचं वेळापत्रक आणा. पहिल्या भेटीचं शुल्क नाही. विद्यार्थ्याला सोबत आणाच, एकट्या पालकांशी आम्ही विद्यापीठांची यादी ठरवत नाही. त्या वर्षीच्या अर्जांसाठी नवी नावं 15 ऑगस्टनंतर घेत नाही. अकरावीतल्या विद्यार्थ्यांची नोंदणी वर्षभर सुरू असते.