क्रॉस-ब्राउझर चाचणी

संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांत, त्यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत आणि लहानमोठ्या उपकरणांवर नीट दिसते व चालते की नाही, हे तपासण्याच्या कामास क्रॉस-ब्राउझर चाचणी म्हणतात. पाने रचण्याच्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या भाषांची मानके सर्वांना सारखीच असली, तरी ती वाचून पडद्यावर पान उभे करणारे इंजिन सर्व ब्राउझरांत एकच नसते, आणि बहुतेक फरक तेथेच उद्भवतात.

नेटस्केप नॅव्हिगेटर (१९९४) आणि इंटरनेट एक्स्प्लोरर (१९९५) यांच्या चढाओढीत दोघांनीही मानके ठरण्याची वाट न पाहता आपापल्या सोयी पुढे रेटल्या. त्या काळातील सर्वांत कुप्रसिद्ध फरक पानावरील घटकाच्या चौकटीच्या मापाचा होता. रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना १० पिक्सेलचे पॅडिंग (चौकटीच्या आतील मोकळी जागा) आणि ५ पिक्सेलची किनार दिल्यास मानकानुसार चौकट एकूण २३० पिक्सेल जागा व्यापते. इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मात्र हे सारे २०० पिक्सेलमध्येच बसवीत असे. सहाव्या आवृत्तीने (२००१) पानाच्या आरंभी योग्य डॉकटाइप (पान कोणत्या मानकाने लिहिले आहे ते सांगणारी ओळ) असल्यास मानक पाळण्यास सुरुवात केली, नसल्यास जुनीच रीत चालू ठेवली. गंमत अशी, की आज सीएसएसमधील ‘बॉक्स-सायझिंग’ हा गुणधर्म वापरून बहुसंख्य डेव्हलपर त्या जुन्या रीतीचाच हिशेब आपखुशीने स्वीकारतात.

ऑपेराने २०१३ मध्ये प्रेस्टो हे स्वतःचे इंजिन सोडले, त्याच वर्षी गूगलने ॲपलच्या वेबकिट इंजिनापासून ब्लिंक वेगळे काढले आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट एजही ब्लिंकवर चालणाऱ्या क्रोमियमवर (क्रोमच्या मुक्त मूळ कोडवर) आला. त्यामुळे ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको अशी तीनच प्रमुख इंजिने उरली आहेत. काम त्यामुळे घटले आहे, पण वाटते तितके नाही. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवरील क्रोमही आतून वेबकिटवर चालत आला आहे (युरोपीय संघात २०२४ पासून हे बंधन सैल झाले), म्हणून विंडोजवरील क्रोममध्ये उत्तीर्ण झालेले पान आयफोनच्या क्रोममध्येही चालेलच, असे गृहीत धरता येत नाही. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये केवळ मोकळी जागा सोडून लिहिलेली अक्षरमाला क्रोम समजून घेई, तर सफारीच्या अनेक आवृत्त्या तीच अवैध ठरवीत. पडद्याच्या पूर्ण उंचीचे ‘१०० व्हीएच’ हे माप मोबाइलवरील सफारीत पत्त्याची पट्टी दिसत असताना उपलब्ध जागेपेक्षा मोठे भरते आणि तळाचे बटण झाकले जाते. क्रोमच्या डेव्हलपर साधनांतील मोबाइल-दृश्यात हा दोष सापडत नाही, कारण तेथे पडद्याचे माप, स्पर्श आणि ब्राउझरची ओळख तेवढी बदलते. इंजिन ब्लिंकच राहते.

कोणते ब्राउझर तपासायचे, हे संकेतस्थळाच्या प्रत्यक्ष वाचकांच्या नोंदींवरून ठरविणे योग्य. ब्राउझरचे नाव पाहून वेगळा कोड चालविण्याची पद्धत मात्र टाळावी: सुसंगततेच्या जुन्या ओझ्यामुळे क्रोम आणि सफारीसुद्धा स्वतःची ओळख ‘मोझिला’ या शब्दाने सुरू करतात. हवी ती सोय उपलब्ध आहे का, हेच थेट तपासणे अधिक खात्रीचे असते. स्वयंचलित चाचणीसाठी सेलेनियम (२००४) हे साधन प्रचलित झाले आणि त्यातून पुढे आलेला वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याची पद्धत, २०१८ मध्ये वेबची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक बनला. सर्व उपकरणे विकत घेणे बहुतेकांना परवडत नाही. दूरस्थ उपकरणे व ब्राउझर वापरू देणाऱ्या सेवांपैकी ब्राउझरस्टॅक ही कंपनी २०११ मध्ये मुंबईत सुरू झाली.

मराठी पानांची तपासणी आणखी थोडी वेगळी करावी लागते. अक्षरांमधील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते, ओळीची उंची कमी ठेवल्यास वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जाऊ शकतात. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी असल्याने काही फाँटांत दोन्ही रूपे दिलेली असतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदविलेली असेल आणि ब्राउझरने ती फाँटपर्यंत पोहोचविली, तरच योग्य रूप उमटते. बटण दाबले गेले का, फॉर्म पाठविला गेला का, एवढेच पाहणाऱ्या स्वयंचलित चाचणीला असे दोष आढळत नाहीत, म्हणून मराठी वाचणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक इंजिनात पान एकदा तरी डोळ्यांखालून घालावे लागते.