ऑस्ट्रेलियातल्या स्की रिसॉर्टवर एक हंगाम: ४६२ व्हिसाचा अर्ज नेमका कुठे अडतो

ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत जूनच्या दुसऱ्या सोमवारी किंग्ज बर्थडेची सुट्टी असते. तिला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी तिथल्या डोंगरांवरचा स्कीचा हंगाम उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. न्यू साउथ वेल्समधली थ्रेडबो आणि पेरिशर, व्हिक्टोरियातली फॉल्स क्रीक, माउंट हॉथम आणि माउंट बुलर ही मोठी ठिकाणं. या चार महिन्यांत तिथे लिफ्टवर (स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या, तारेवरच्या खुर्च्यांवर), स्वयंपाकघरात, हाउसकीपिंगला, तिकीट तपासायला, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात भरपूर माणसं लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या तरुणांना या कामासाठी जाण्याचा रीतसर रस्ता अलीकडेच उघडला. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार (तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे) दरवर्षी १,००० भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, मिळू शकतो.

जागा १,००० आणि इच्छुक किती? या जागा सोडतीने मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या सोडतीची नोंदणी उघडली तेव्हा दोनच आठवड्यांत सुमारे ४०,००० नोंदण्या आल्या होत्या. सोडतीत नाव न येणं आपल्या हातात नाही. पण नाव येऊनही कागदांपायी जागा घालवणारी मुलं पाहिली की जीव तुटतो, आणि हे लिहितोय ते त्यांच्यासाठीच. सोप्या पायऱ्या एकेका ओळीत उरकतो, जिथे माणसं अडतात तिथे थांबतो.

आधी एक चूक टाळा. ऑस्ट्रेलियाचा ४१७ नावाचाही एक व्हिसा आहे, त्याचं नाव ‘वर्किंग हॉलिडे’. तो ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी फक्त ४६२. नावं इतकी सारखी ठेवल्यावर लोक चुकीचा फॉर्म उघडणारच, पण त्याचा भुर्दंड आपल्याला पडतो.

कोण पात्र

वय १८ ते ३०. म्हणजे तिसावं पूर्ण झालेलं चालतं, एकतिसावा वाढदिवस झालेला चालत नाही. वाढदिवस जवळ आला असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका. सोबत मुलांना नेता येत नाही. नवरा-बायको एकाच अर्जात बसत नाहीत, दोघांना जायचं तर दोघांनी स्वतंत्र नोंदणी करायची, आणि एकाचं नाव लागून दुसऱ्याचं न लागण्याची शक्यता धरून चालायचं. पहिला ४६२ भारतात, किंवा निदान ऑस्ट्रेलियाच्या बाहेर, असतानाच मागायचा.

शिक्षणाची अट आहे ती बारावीनंतर किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याची. पदवी, बारावीनंतर केलेला दोन वर्षांचा डिप्लोमा, हॉटेल मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा कोर्स असेल तर प्रश्नच नाही. एका वर्षाचा कोर्स पुरत नाही. एस. वाय. झालंय पण दोन विषयांची एटीकेटी बाकी आहे, अशा स्थितीत अर्ज करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ हे शब्द तिथला अधिकारी आपल्या सोयीने वाचणार नाही.

नोंदणी: पंचवीस डॉलर आणि पॅन

सोडतीची नोंदणी ऑस्ट्रेलियन गृहखात्याच्या ‘इमीअकाउंट’वरून ऑनलाइन होते. शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. एका फेरीत एकाच माणसाची एकच नोंदणी. खिडकी थोडेच दिवस उघडी असते, आणि गेल्या वर्षीच्या तारखा यंदा लागू होतील असं धरू नका. तारीख गृहखात्याच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रात नाही. यंदा नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा नोंदणी, पुन्हा पैसे.

नोंदणीला पासपोर्ट लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. भारतीयांना पॅनही लागतं, हे मात्र विद्यार्थ्यांना ऐन वेळी कळतं. कमाई नाही म्हणून पॅन काढलेलंच नसतं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आयकर खात्याच्या पोर्टलवर ई-पॅन फुकट आणि झटपट निघतं. ते आजच काढून ठेवा.

खरा घोळ नावाचा आहे. आपल्याकडे एकाच माणसाची तीन-चार नावं कागदोपत्री नांदत असतात. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळं. पॅनवर स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात कधी नुसतं स्वतःचं नाव, कधी वडिलांचंही. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने, पदवी जुन्या नावाने आणि पॅन दोन्हींच्या मधलंच काहीतरी. नोंदणीत पासपोर्टवर आहे तेच, अक्षरशः तसंच टाकायचं. पॅनवरचं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं असेल तर नोंदणीच्या आधीच दुरुस्ती करून घ्या. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्राची प्रत जवळ ठेवा. राजपत्रात नाव छापून यायला वेळ लागतो, आणि पुढे सांगतो त्या २८ दिवसांत तो तुमच्याकडे नसतो.

आणखी एक कळकळीची सूचना. नोंदणी स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यातून करा. एजंटने स्वतःचा ईमेल टाकलेला असतो, निवडीचं पत्र त्याच्याकडे जातं, आणि तो कळवेपर्यंत मुदत निम्मी सरलेली असते. सोडत संगणक काढतो. तुमचं नाव वर आणणं कुठल्याही एजंटच्या हातात नाही, आणि रिसॉर्टचं नोकरीचं पत्र जोडल्यानेही शक्यता तसूभर वाढत नाही. ‘स्की रिसॉर्टची नोकरी व्हिसासकट’ असं विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

अठ्ठावीस दिवस

निवड झाल्याचं कळवलेल्या तारखेपासून २८ दिवसांत पूर्ण व्हिसा अर्ज शुल्कासह भरायचा असतो. तुम्ही ईमेल उघडलात त्या दिवसापासून नव्हे, आणि कामकाजाचे दिवसही नव्हे, सलग दिवस. दिवाळी मध्ये आली तरी तेवढेच. शुल्क २०२४-२५ मध्ये ६५० डॉलर होतं, १ जुलै २०२५ पासून ६७० झालं. जुलैत ते बहुधा वाढतं.

या २८ दिवसांत जे हाती लागत नाही, ते नोंदणी केली त्या आठवड्यातच काढायला घ्या. मला तरी दुसरा उपाय माहीत नाही. ट्रान्सक्रिप्ट आणि पदवी प्रमाणपत्राच्या बाबतीत आपली विद्यापीठं किती दिवस लावतात हे नव्याने सांगायला नको. परीक्षा विभागाच्या खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर ऐकत उभं राहण्याची वेळ निवड झाल्यावर येऊ देऊ नका.

इंग्रजीचा पुरावा. अट फार कडक नाही, ‘फंक्शनल’ इंग्रजी पुरतं. आयईएलटीएसला सरासरी ४.५ म्हणजे बऱ्याच जणांना सहज जमेल असा आकडा आहे. परीक्षा अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांतली हवी. ज्यांची किमान दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी किंवा डिप्लोमा संपूर्ण इंग्रजीतून झाला, त्यांना परीक्षेविना संस्थेच्या पत्रावर भागवता येतं. मात्र हे पत्र कॉलेजमधून मिळवणं हीच एक परीक्षा आहे. तुम्ही माध्यमाचं पत्र मागता आणि क्लार्क हातात बोनाफाईड ठेवतो. बोनाफाईडवर तुम्ही अमुक वर्षी विद्यार्थी होतात एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा इथे उपयोग नाही. पत्र लेटरहेडवर हवं, त्यात अभ्यासक्रमाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ होता का, आणि सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, हे चारही मुद्दे हवेत, खाली सही-शिक्का. मजकूर स्वतः टाइप करून न्या, काम लवकर होतं. आणि बी. ए. मराठी माध्यमातून झालं असेल तर पत्राच्या मागे धावू नका, सरळ परीक्षा द्या.

पैशांचा पुरावा. किमान ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि शिवाय परतीच्या तिकिटाची सोय. पाच हजार म्हणजे ढोबळमानाने तीन लाख रुपये, नेमका आकडा त्या दिवशीच्या भावाने काढा. ते अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर दिसलेले बरे. बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट जोडून भागत नाही असं गृहीत धरून चाला. घरून पैसे येणार असतील तर ते काही महिने आधीच तुमच्या खात्यात येऊ द्या. अर्जाच्या आदल्या दिवशी अचानक तीन लाख जमा झालेले दिसले की शंका येणारच.

पीसीसी, म्हणजे पोलिसांकडे तुमच्यावर गुन्हा नसल्याचा दाखला. इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला नोकरीसाठी, सोसायटीसाठी ठीक आहे. ऑस्ट्रेलियाला पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं, ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मागायचं. शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवर पत्ता सांगलीचा आणि राहणं पुण्यात भाड्याने, असं असेल तर पोलीस चौकशी लांबते. भाडेकरार नोंदणीकृत असू द्या आणि चौकीतून फोन आला की टाळाटाळ न करता जा. गेल्या १० वर्षांत दुसऱ्या कुठल्या देशात एकूण १२ महिने राहिला असाल, तर तिथलंही प्रमाणपत्र लागतं. दुबई-मस्कतला नोकरी करून आलेली हॉटेलवाली मुलं इथे हमखास अडकतात, कारण तिथला कागद इथे बसून मिळवायला फार वेळ जातो.

शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि त्यावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि पात्रता हवी. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही.

बायोमेट्रिक्स आणि वैद्यकीय तपासणी अर्जानंतर, पत्र आल्यावर. तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या फॅमिली डॉक्टरच्या सर्टिफिकेटला किंमत नाही.

दोन बारा महिने, जे वेगवेगळे मोजायचे

व्हिसा मिळाल्यापासून १२ महिन्यांत ऑस्ट्रेलियात पहिलं पाऊल टाकायचं असतं. राहण्याचे १२ महिने त्या पावलापासून सुरू होतात. हे दोन एकच समजून मुलं व्हिसा हातात पडताच जानेवारीत विमानात बसतात. बर्फ पडायला जून उजाडतो, तोवर सिडनीतल्या खोलीच्या भाड्यात पुंजी संपते. मेच्या सुमाराला पोचा, म्हणजे पूर्ण हंगाम मिळतो आणि पुढे सात-आठ महिने दुसऱ्या कामांना उरतात. नोकरीचा अर्ज मात्र मेपर्यंत थांबवू नका. रिसॉर्टं हंगामी भरती त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर ते मार्चच्या सुमाराला सुरू करतात, आणि निवासाची सोय असलेल्या जागा सगळ्यात आधी भरतात. पेरिशरला काम मिळालं की राहायचं बहुधा जवळच्या जिंदाबाईन गावात, आणि हंगामात तिथे खोली मिळणं सोपं नाही. घराची व्यवस्था विचारल्याशिवाय ऑफर स्वीकारू नका.

कामाची कल्पनाही नीट असू द्या. लिफ्ट चालवणारा माणूस दिवसभर स्की करत नाही. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी अंधारात येऊन चढण्याच्या जागेवरचा गोठलेला बर्फ फावड्याने काढायचा, तो सपाट करायचा, मग वारा-पाऊस काहीही असो, दर काही सेकंदांनी येणाऱ्या खुर्चीवर लोकांना नीट बसवायचं. गुलमर्ग किंवा मनालीचा बेसिक स्की कोर्स झालेला असेल तर अर्जात जरूर लिहा, पण तेवढ्यावर प्रशिक्षकाची जागा मिळत नाही. त्यासाठी एपीएसआयसारख्या (ही ऑस्ट्रेलियातली स्की प्रशिक्षकांची संस्था) संस्थेची मान्यताप्राप्त पातळी लागते.

बार किंवा रेस्तराँमध्ये दारू द्यायची तर आरएसए, म्हणजे दारू जबाबदारीने देण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते राज्यागणिक वेगळं. न्यू साउथ वेल्सचं कार्ड काढून व्हिक्टोरियात गेलात तर ते जसंच्या तसं चालत नाही. कुठल्या राज्यात काम करणार हे ठरल्यावरच पैसे भरा. स्की स्कूलमध्ये मुलांसोबत काम असेल तर ‘वर्किंग विथ चिल्ड्रन’, म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणीही त्या-त्या राज्याची.

विम्याकडे कुणी बघत नाही. भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही. कामावर दुखापत झाली तर मालकाचा कामगार विमा असतो. सुट्टीच्या दिवशी स्की करताना गुडघा गेला तर खर्च तुमचा. साध्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात. पॉलिसीत ते स्पष्ट लिहिलेलं आहे का बघा.

पोचल्यावर कर क्रमांक, टीएफएन, फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मालक वर्किंग हॉलिडेवाल्यांसाठी (करापुरते ४६२वालेही त्यातच येतात) नोंदणीकृत असेल तर ४५,००० डॉलरपर्यंत पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापला जातो. टीएफएन दिला नाही तर ४५ टक्के. डोंगरावरच्या कामगारांचे किमान पगार ‘अल्पाइन रिसॉर्ट्स अवॉर्ड २०२०’ या वेतन-नियमावलीने ठरतात. देशाचं किमान वेतन १ जुलै २०२५ ला तासाला २४.९५ डॉलर झालं. लागू किमान वेतनापेक्षा कमी देणाऱ्याची तक्रार फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कामगार-हक्क कार्यालयाकडे करता येते, व्हिसा जाईल या भीतीने गप्प बसू नका.

एकाच मालकाकडे परवानगीशिवाय ६ महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. जून ते ऑक्टोबरच्या हंगामाला ही मर्यादा आड येत नाही, पण त्याच कंपनीने पुढे उन्हाळ्यासाठीही ठेवून घेतलं तर महिने मोजा. मालकाने तुमच्या नावे भरलेलं सुपरॲन्युएशन (आपल्या पीएफसारखा निवृत्ती निधी) देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावरच मागता येतं, आणि त्यातले ६५ टक्के कर म्हणून जातात. तरी उरलेले ३५ टक्के तुमचेच आहेत. निघण्याआधी फंडाचं नाव, सभासद क्रमांक आणि शेवटची पगारपत्रकं स्वतःकडे घ्या, कारण मुंबईत बसून तो क्रमांक शोधणं फार जिकिरीचं होतं.