दाढीचा फेस: हवा कमी, पाणी जास्त

दाढीच्या साबणाच्या वडीवर ओला ब्रश चारदा फिरवला की पांढरे बुडबुडे वर येतात आणि झाला फेस असं वाटतं. तोच फेस गालावर लावून मिनिटभर थांबा. बुडबुडे पटापट फुटतात, कडा सुकतात आणि ब्लेड कातडीला ओढायला लागतं. त्या फेसात हवा भरपूर असते, साबण आणि पाणी मात्र नावापुरतं.

फेसाकडून आपल्याला खरं हवं असतं ते पाणी. दाढीचे केस केराटिन या प्रथिनाचे असतात आणि कोरडे असताना फार चिवट असतात. पण केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषू शकतो. दोनतीन मिनिटं भिजला की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. नुसतं पाणी गालावरून ओघळून जातं. फेस तेच पाणी असंख्य पातळ पडद्यांत अडकवून केसांच्या मुळाशी धरून ठेवतो.

हे पडदे टिकतात कसे? साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं पाण्यापासून दूर पळतं. म्हणून हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात आणि पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाला आकसायला लावणारा ओढा, निम्म्याहून खाली आणतात. पडदा एखाद्या जागी ताणून पातळ झाला, की तिथली साबणाची गर्दी विरळ होते आणि तेवढ्याच जागेचा पृष्ठताण वाढतो. हा वाढलेला ताण शेजारचा साबण आणि त्याच्यासोबत पाणीही ओढून आणतो; पडदा स्वतःच स्वतःला सांधतो! इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पण सांधायला शेजारी साबण शिल्लक हवा. ब्रशवर साबण कमी घेतला तर पुढे कितीही घुसळा, उपयोग नाही.

अंघोळीच्या साबणाने दाढी का जमत नाही, तेही इथेच कळतं. त्यात बहुधा खोबरेल तेलातून आलेलं, 12 कार्बनचं लॉरिक आम्ल बरंच असतं. फेस झटकन येतो, मोठ्या बुडबुड्यांचा येतो आणि तसाच झटकन जातो. दाढीच्या साबणात भर असतो 18 कार्बनच्या स्टिअरिक आम्लावर. त्याचा फेस उशिरा येतो, पण दाट येतो. मात्र त्याचा सोडियमचा साबण गार पाण्यात जेमतेम विरघळतो, म्हणून बनवताना सोडियमच्या कॉस्टिक सोड्याच्या जोडीला पोटॅशियमचा कॉस्टिक पोटॅश वापरतात. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि लवकर विरघळतो.

आता कृती. ब्रश कोमट पाण्यात बुडवा. डुकराच्या केसांचा असेल तर काही मिनिटं भिजू द्याच. मग झटकून वडीवर निदान अर्धा मिनिट फिरवा, ब्रशच्या टोकांवर घट्ट लगदा जमेपर्यंत. पुढचं काम वाटीत करा किंवा थेट गालावर, पण पाणी घालायचं ते थेंबाथेंबानेच. सुरुवातीला फेस निस्तेज आणि चिकट दिसतो. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण तो दाट दिसतो. थांबू नका. दोनचार थेंब, पुन्हा फेटणं, पुन्हा दोनचार थेंब. एका टप्प्यावर फेसावर ओली चकाकी येते, ब्रश उचलला की त्याचं टोक हळूच वाकतं आणि एकही सुटा बुडबुडा डोळ्याला दिसत नाही. हाच तो फेस. याच्या पुढे गेलात तर तो ओघळू लागेल. तेव्हा ब्रश पुन्हा वडीवर फिरवून साबण वाढवा.

इतकं फेटायचं कारण असं, की लहान बुडबुड्यातला दाब मोठ्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे हवा लहानातून शेजारच्या मोठ्यात झिरपत राहते आणि मोठे आणखी मोठे होत फुटतात. ब्रशचे केस बुडबुडे पुन्हा पुन्हा तोडून बारीक आणि सारखे करतात, मग ही झिरप मंदावते.

सगळं नीट करूनही फेस बसत असेल तर पाणी तपासा. दुष्फेन, म्हणजे जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा राखाडी साका बनवतं. तो साका बनण्यात गेलेला साबण फेसाच्या कामाचा राहत नाही. पाणी उकळल्याने फक्त बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो. एकदा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात फेस करून बघा. फरक ठळक दिसला तर वडीवर ब्रश जास्त वेळ फिरवा, किंवा फेसापुरतं तेच पाणी वापरा. एका दाढीला अर्धी वाटी पुरतं.